शहरी रेल्वे स्टेशनचं डिझाइन रुळापासून सुरू करा: आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

स्टुडिओत रेल्वे स्टेशन हा विषय मिळाला की पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण छत काढून मोकळे होतात. जळगावची साइट असेल तर छत केळीच्या पानाचं, नाहीतर सोन्याच्या दागिन्याचं, हे जवळपास ठरलेलंच. मग त्या छताखाली प्लॅटफॉर्म, पूल, तिकीट खिडक्या कोंबत जातात आणि शेवटच्या रिव्ह्यूला लक्षात येतं की जिना प्लॅटफॉर्मवर मावत नाही आणि पुलाचा खांब रुळांच्या मधोमध उभा आहे. तोवर शीट रेंडर झालेल्या असतात.

खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी रूळ आणि सेक्शन (उभा छेद), मग गर्दी, त्यावरून जिने, जिन्यांवरून प्लॅटफॉर्मची रुंदी, मग पूल, कॉनकोर्स (प्रवाशांचं मुख्य दालन), पुढचा चौक. छत सगळ्यांत शेवटी. दिलेली मापं प्राथमिक आराखडा बेतण्यापुरती आहेत. शीटवर आकडा लिहिण्याआधी रेल्वेच्या ब्रॉडगेज ‘शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स’ची चालू आवृत्ती, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ आणि दिव्यांगांसाठीच्या सुगम्यतेची २०२१ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं या तिन्हींशी ताळा घ्या.

## टप्पा १. साइट पक्की करण्याआधी

स्टेशन कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा. जळगाव जंक्शन आहे. मुंबई–हावडा मुख्य मार्ग आणि सुरतेकडून नंदुरबार, अमळनेर, धरणगावमार्गे येणारा मार्ग तिथे एकत्र येतात. गाड्या आरपार जातात, म्हणून रुळांच्या वरून किंवा खालून जाण्यावाचून पर्याय नाही. धुळे हे चाळीसगावहून येणाऱ्या शाखेचं शेवटचं स्टेशन. अशा ठिकाणी रुळांच्या टोकाला आडवा कॉनकोर्स देऊन प्रवाशाला एकही पायरी न चढवता प्लॅटफॉर्मवर नेण्याची शक्यता तपासता येते. जंक्शनची केस स्टडी करायची आणि तीच मांडणी टर्मिनसला चिकटवायची, ही फार सर्रास होणारी चूक. उलटही होते.

दुसरी गोष्ट परवानगीची. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, धुळे ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. अमळनेरची साइट घेऊन भुसावळच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला पत्र दिलं तर ते पत्र फिरत राहील आणि सेमिस्टर संपेल. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर द्या. त्यात विद्यार्थ्यांची नावं, गाइडचा फोन, तारखा, कुठे काय मोजणार, फोटो कशासाठी हवेत हे स्पष्ट लिहा आणि स्टेशनच्या यार्ड प्लॅनची (रुळांच्या मांडणीच्या नकाशाची) मागणी त्याच पत्रात करा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून विषय मंजूर झाला त्याच दिवशी पत्र निघालं पाहिजे. मधल्या काळात प्लॅटफॉर्म तिकीट काढून डोळ्यांनी करायची नोंद चालू ठेवता येते.

सावधान: माप घेण्यासाठी रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तारेला हात लागायचीही गरज नसते. कुठलीही वस्तू तारेच्या २ मीटरच्या आत जाता कामा नये. पुलावरून लोखंडी टेप, सेल्फी स्टिक किंवा ओली दोरी खाली सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. रुळांमधलं अंतर यार्ड प्लॅनवरून घ्या, उंच्या लेझर मीटरने प्लॅटफॉर्मवर उभं राहून घ्या.

साइटवरून आणायच्या नोंदी:

- उत्तर दिशा आणि रुळांची दिशा. गूगल मॅपवर काढून ठेवा, शेवटच्या टप्प्यात याचा फार उपयोग होतो.
- रस्त्याची पातळी प्लॅटफॉर्मच्या वर आहे की खाली, आणि किती. दोन्ही बाजूंची वेगळी.
- रेल्वेची हद्द कुठे संपते आणि महापालिकेची किंवा नगरपरिषदेची कुठे सुरू होते.
- रुळांपलीकडची वस्ती. जळगावात शिवाजीनगर पलीकडे आहे. तिथल्या माणसाला स्टेशनात शिरायला किती फेरा पडतो तो पायी चालून मोजा.
- एसटी स्टँड, रिक्षा थांबे, टपऱ्या, झाडं, नाले.

येऊ घातलेल्या मार्गिका विसरू नका. जळगाव–मनमाड चौथी मार्गिका आणि भुसावळ–खंडवा तिसरी व चौथी मार्गिका यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. मनमाड–इंदूर नव्या मार्गाची आखणी धुळे जिल्ह्यातून जाते. दर वाढीव रुळामागे साधारण ५.३ मीटर रुंदी लागते. तुमची नवी इमारत नेमकी त्याच पट्ट्यात बसली असेल, तर बाकीचं डिझाइन कितीही देखणं असलं तरी व्यर्थ.

## टप्पा २. प्लॅनच्या आधी सेक्शन

कोऱ्या कागदावर एक आडवी रेष मारा. ही रूळपातळी, ±०.००. सगळ्या उंच्या इथून मोजायच्या. रस्त्याची पातळी शून्य धरली तर प्रत्येक मापात बेरीज-वजाबाकी करावी लागते आणि कुठेतरी हमखास घोळ होतो.

खालून वर:

- रूळपातळी: ±०.००
- उंच प्लॅटफॉर्म: +०.७६ ते +०.८४. आराखड्यासाठी +०.८० धरा.
- विजेची तार: +५.५०च्या आसपास
- पुलाच्या तुळईची खालची कड: +६.५० ते +६.६०
- तुळई आणि वरचा डेक: साधारण १ मीटर
- पुलावर चालायची पातळी: +७.६०

म्हणजे प्लॅटफॉर्मवरून पुलावर जायला ६.८ मीटर चढावं लागतं. दोन मजल्यांहून जास्त. अनेक शीटवर हीच उंची साडेचार-पाच मीटर दाखवलेली असते, कारण नेहमीच्या मजल्याचं माप सवयीने उचललेलं असतं.

आता आडवी मापं. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. नव्या कामात शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांत किमान ५.३० मीटर. मार्गाच्या मध्यरेषेपासून प्लॅटफॉर्मची कड १.६७ मीटर. दोन प्लॅटफॉर्मच्या मध्ये दोन मार्ग असतील तर कडेपासून कडेपर्यंत १.६७ + ५.३० + १.६७, म्हणजे ८.६४ मीटर.

आहेत ते रूळ हलवू नका, वाकवू नका, उचलू नका. स्टेशन यार्डात चढ १:४००पेक्षा तीव्र चालत नाही आणि १:१२००हून सौम्य असलेला बरा. ‘रूळ जमिनीखाली नेऊन वर बाग’ ही कल्पना सुचलीच, तर आधी या उताराने किती किलोमीटर आधीपासून खाली उतरावं लागेल ते गणित करा. ६ मीटर खाली जायला १:४००ने २.४ किलोमीटर, तेही दोन्ही बाजूंना. कल्पना आपोआप मागे पडते.

तपासणी: सेक्शनवर विजेची तार काढली आहे का? तार नसलेला सेक्शन बघून ज्युरी पुढचं ऐकत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

## टप्पा ३. गर्दीचा हिशेब

‘रोज इतके हजार प्रवासी’ या आकड्याचा जिन्याच्या रुंदीशी काही संबंध नाही. जिना ठरतो तो एका गाडीतून एकदम उतरणाऱ्या माणसांवर. दिवसभरातली सगळ्यांत जड पंधरा मिनिटं शोधा. सकाळी भुसावळ–जळगाव नोकरदारांची गर्दी वेगळी, रात्री लांब पल्ल्याच्या गाडीची वेगळी, दिवाळी-छठच्या दिवसांत उत्तरेकडे जाणाऱ्यांची त्याहून वेगळी. ६ डिसेंबरला मुंबईकडे आणि आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्यांची गर्दी तर काही तास आधीपासून येऊन बसलेली असते. तिला जिन्यापेक्षा बसायला जागा, पाणी आणि संडास जास्त लागतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. दोघांनी पुलाच्या जिन्याच्या माथ्याशी उभं राहायचं, एकाने चढणारे मोजायचे, दुसऱ्याने उतरणारे, दर मिनिटाला आकडा लिहायचा. गाडी थांबल्यापासून जिना मोकळा होईपर्यंत. सामानवाले वेगळ्या खुणेने नोंदवा. किमान तीन गाड्यांची अशी नोंद घ्या: एक लोकल-मेमू प्रकारची, एक लांब पल्ल्याची, एक रात्रीची.

नमुना गणित, गृहीत आकड्यांवर:

एका गाडीतून ६०० माणसं उतरतात आणि ती ५ मिनिटांत पुलावर पोचायला हवीत. म्हणजे मिनिटाला १२०. दुतर्फा जिन्यावर मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण २८ माणसं जातात, असं शहरी रेल्वेच्या आखणीत धरतात. आपल्याकडे डोक्यावर गोणी, कडेवर मूल, हातात दोन पिशव्या. म्हणून २४ धरा. १२० भागिले २४ म्हणजे ५ मीटर. एकच ५ मीटरचा जिना नको, अडीच-अडीच मीटरचे दोन द्या.

दोन का? गाडीच्या लांबीमुळे. एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा बफरसह साधारण २४ मीटर. २४ डबे आणि इंजिन मिळून गाडी ६०० मीटरच्या घरात जाते. त्यात जनरल डबे बहुधा दोन्ही टोकांना, म्हणजे सगळ्यांत दाट गर्दी मध्यावर नसून टोकांना असते. एकच जिना मध्यभागी दिला तर टोकाच्या माणसाला ३०० मीटर चालावं लागतं. दोन जिने टोकांपासून १५०–१५० मीटरवर दिले तर हे अंतर निम्मं होतं.

तपासणी: दोनपैकी एक जिना दुरुस्तीसाठी बंद आहे असं समजून गणित पुन्हा करा. वेळ दहा मिनिटांवर जाईल. तेवढ्यात त्याच प्लॅटफॉर्मवर दुसरी गाडी येते का, ते वेळापत्रकात बघा. येत असेल तर जिने रुंद करा.

सरकत्या जिन्याची क्षमता मिनिटाला सुमारे १०० माणसं धरतात, पण तो या गणितात मुख्य आधार म्हणून घेऊ नका. वीज गेली, बिघाड झाला, की तो अडचणीच्या उंचीच्या पायऱ्यांचा साधा जिना उरतो.

## टप्पा ४. जिना, लिफ्ट आणि प्लॅटफॉर्मची रुंदी

सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, पाऊल किमान ३०० आणि एका टप्प्यात १२ पायऱ्या. ६.८ मीटर चढायला १५०ने ४५.३, म्हणजे ४६ पायऱ्या, प्रत्येकी १४८ मिलिमीटर. त्यांचे चार टप्पे: १२, १२, ११, ११. प्रत्येक टप्प्यात पावलं पायऱ्यांपेक्षा एकाने कमी, म्हणून आडवी लांबी ४२ पावलं × ०.३० = १२.६ मीटर, अधिक दीड मीटरचे तीन ओटे, एकूण १७.१ मीटर. हा सरळ जिना प्लॅटफॉर्मच्या लांबीच्या दिशेनेच बसतो. आडवा किंवा वळणाचा करायला गेलात तर रुंदी खातो.

रॅम्पचं गणित एकदा करून बघाच. १:१२ उताराने ६.८ मीटरसाठी ८१.६ मीटर, आणि दर ९ मीटरला विसाव्याचा ओटा धरला तर नऊ ओट्यांचे १३.५ मीटर. जवळपास ९५ मीटर. एवढा रॅम्प व्हीलचेअरवरच्या माणसाने चढावा ही अपेक्षाच चुकीची. म्हणून प्रत्येक प्लॅटफॉर्मला लिफ्ट लागतेच, आणि ती स्ट्रेचर मावेल एवढी हवी. लिफ्टचं दार जिन्याच्या तोंडासमोर उघडू देऊ नका. उतरणारा लोंढा आणि लिफ्टची रांग एकमेकांत अडकतात. दारासमोर किमान १.५ मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ ठेवा.

आता प्लॅटफॉर्म. दोन्ही बाजूंना गाड्या लागणाऱ्या बेट-प्लॅटफॉर्मवर सुटा खांब कडेपासून साधारण ३ मीटरच्या आत येऊ नये. जिन्याची भिंत, स्टॉल, खोली अशा सलग अडथळ्याला त्याहून जास्त, साडेतीन-पावणेचार मीटर सोडा. जिन्याच्या दोन्ही भिंती ०.२ मीटरच्या धरल्या तर हिशेब असा:

३.७ + ०.२ + २.५ + ०.२ + ३.७ = १०.३ मीटर.

म्हणजे अडीच मीटरच्या जिन्यासाठी बेट-प्लॅटफॉर्म साडेदहा मीटरचा लागतो. सात मीटरच्या बेटावर तीन मीटरचा जिना काढणारी शीट दर वर्षी दिसते. उरलेल्या दोन-दोन मीटरमध्ये गाडीची दारं उघडतात, लोक उतरतात, त्यातूनच पार्सलची हातगाडी जाते. प्रत्यक्षात ते चालत नाही. सरकता जिना हवा असेल तर तो साध्या जिन्याच्या शेजारी लावून रुंदी वाढवू नका. पाठीला पाठ लावून उलट दिशेला ठेवा, बेट तेवढंच राहतं.

प्लॅटफॉर्मचा उतार रुळांपासून दूर जाणारा हवा, साधारण १:६०. पाणी तर वाहून जातंच, शिवाय बाबागाडी किंवा चाकाची बॅग आपोआप कडेकडे घरंगळत नाही. कडेलगत स्पर्शफरशीचा (दृष्टिहीनांना पायाने कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरशीचा) पट्टा सलग द्या आणि तो स्टॉलपाशी तोडू नका. फरशी पॉलिश केलेली ग्रॅनाइट नको, पावसात पाय घसरतो. फ्लेम फिनिश ग्रॅनाइट किंवा खरबरीत कोटा चालेल.

## टप्पा ५. पूल की सबवे

सबवेत उतरावं कमी लागतं. रूळपातळीखाली खडी, बॉक्सचा स्लॅब आणि पावणेतीन मीटर मोकळी उंची धरली तर प्लॅटफॉर्मवरून सुमारे पावणेपाच मीटर, म्हणजे ३२ पायऱ्या. पुलापेक्षा चौदा कमी. म्हाताऱ्या माणसाला हा फरक जाणवतो. तरीही तापी खोऱ्यात सबवे सुचवताना दोनदा विचार करा. वरची माती बहुतेक ठिकाणी काळी, पाणी धरून फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पावसाळ्यात सबवेत पाणी साठतं आणि पंप बंद पडला की वाट बंद. सबवे घ्यायचाच तर तोंडाशी रस्त्यापेक्षा ३०० ते ४५० मिलिमीटर उंच उंबरा, त्यावर रॅम्प, खाली संप (पाणी गोळा करायचा खड्डा), दोन पंप आणि जनरेटरची जोडणी, हे सगळं सेक्शनमध्ये दाखवा. नुसतं ‘पंप’ असं लिहून भागत नाही.

पूल घेतला तर गाळा (दोन खांबांमधलं अंतर) तपासा. कडेपासून कडेपर्यंत ८.६४ मीटर, दोन्ही बाजूंना खांब ३ मीटर आत, म्हणजे दोन मार्गांवरचा किमान गाळा १४.६४ मीटर. खांबाची जाडी धरली की १५ मीटर. चार मार्ग मध्ये असतील तर त्यात आणखी १०.६ मिळवा. या लांबीला स्टीलची तुळई किंवा ट्रस लागतो, आणि दुसऱ्या टप्प्यात धरलेली १ मीटर जाडी पुरते का ते स्ट्रक्चरच्या सरांना विचारून घ्या. ट्रस बाजूला कठड्याच्या उंचीत घेतला तर खालची जाडी कमी होते आणि चढणही कमी होते. पायऱ्या वाचवायचा हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

चालू रुळांवर सेंटरिंग लावून आरसीसी स्लॅब ओतता येत नाही. रेल्वे वाहतूक आणि वीज दोन्हींचा ब्लॉक घेऊन (म्हणजे दोन्ही ठरावीक वेळ बंद ठेवून), बहुधा रात्री, तयार तुळई क्रेनने चढवली जाते. म्हणजे तुळईचे तुकडे ट्रेलरवर मावणारे हवेत आणि क्रेन उभी राहायला जागा हवी. ही जागा साइट प्लॅनवर दाखवलीत तर तुमचं डिझाइन कागदावरचं राहत नाही.

पुलाची रुंदी: दोन प्लॅटफॉर्मवर एकाच वेळी गाड्या आल्या तर मिनिटाला २४० माणसं. सपाट दुतर्फा वाटेवर मीटरमागे ४० धरले तर ६ मीटर. स्टॉल, बाकं, जाहिरातींचे खांब या ६ मीटरच्या बाहेर. तारांवरून जाणाऱ्या भागात बाजूची जाळी बंदिस्त हवी. नुसत्या कठड्यावर भागत नाही.

रुळांपलीकडच्या वस्तीला तिकिटाशिवाय ओलांडायला वाट द्यायची की नाही, हे इथेच ठरवा. द्यायची असेल तर ती प्रवाशांच्या पुलाला जोडलेली पण वेगळी हवी. नाहीतर लोक रूळ ओलांडतात, आणि त्याचा दोष त्यांच्यावर ढकलणं सोपं असलं तरी डिझाइन करणाऱ्याला ते शोभत नाही.

## टप्पा ६. कॉनकोर्स

इथे क्रम महत्त्वाचा. शिरताना आधी चौकशी आणि गाड्यांचा बोर्ड, मग तिकीट, मग सामान तपासणी, मग वेटिंग, मग पूल. बोर्ड दारातून शिरताच दिसला पाहिजे. तो तिकीट खिडक्यांच्या वर लावला की बोर्ड वाचणारे आणि रांगेतले एकाच जागी थबकतात. रांगेसाठी खिडकीसमोर ६ ते ८ मीटर खोली ठेवा, आणि ही रांग आरपार जाणाऱ्या वाटेला आडवी येऊ देऊ नका.

वेटिंगसाठी सामानासह माणशी दीड ते दोन चौरस मीटर धरा. यातला मोठा भाग बाकांचा नको. रात्रीच्या गाडीला आलेली कुटुंबं चादर अंथरून खाली बसतात, डबा सोडतात, मुलं झोपवतात. त्यांच्यासाठी रहदारीपासून बाजूला, ४५० मिलिमीटर उंच रुंद ओटे आणि वर पंखे द्या. तिथेच पाणी आणि मोबाइल चार्जिंग. शेव-भाजीचा स्टॉल कितीही हवासा वाटला तरी चुलीचा धूर आणि सांडपाणी कुठे जाणार हे दाखवल्याशिवाय तो प्लॅनवर टाकू नका.

संडास एक गट तिकिटाच्या अलीकडे आणि एक प्लॅटफॉर्मवर. दिव्यांगांच्या संडासात आत १.५ मीटरचं वळण, दार किमान ९०० मिलिमीटर मोकळं आणि बाहेर उघडणारं. महिलांच्या बाजूला जागा पुरुषांइतकीच धरली तर रांग महिलांचीच लागते, तिकडे सीटची संख्या वाढवा.

पार्सल वेगळं. सावदा-रावेर पट्ट्यातून केळी रेल्वेने बाहेर जातात, आणि पार्सलची हातगाडी, बॅटरीगाडी, हमाल यांची वाट प्रवाशांच्या जिन्याशी कुठेही छेदू नये. पार्सल ऑफिस प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे, रस्त्यावरून टेम्पो मागे लागेल असं द्या.

## टप्पा ७. स्टेशनपुढचा चौक

खानदेशातल्या कुठल्याही स्टेशनपुढे मोटारींपेक्षा दुचाकी आणि रिक्षा जास्त. तरीही शीटवर मोठं कार पार्किंग आणि कोपऱ्यात ‘टू-व्हीलर’ असं लिहिलेला तुकडा असतो. उलटं करा. दुचाकीला १ × २ मीटर, वाटेसह गाडीमागे ३ चौरस मीटरच्या आत भागतं. मोटारीला २.५ × ५ मीटर आणि वाटेसह २५ चौरस मीटरच्या आसपास. मोजणी करून मग प्रमाण ठरवा.

रिक्षांची रांग दारापासून दिसली पाहिजे पण दार अडवता कामा नये. एका रिक्षाला ३ मीटर धरून दहा रिक्षांची ३० मीटर रांग, शेजारी ओलांडून जायला दुसरी लेन. सोडायला येणाऱ्यांची लेन वेगळी, आणि तिच्यातही थांबलेल्या गाडीला ओलांडायला जागा. जळगावहून अजिंठ्याला जाणारे पर्यटक उतरतात, म्हणून एका-दोन मिनीबससाठी वळण राखा. एसटी स्टँडकडे जाणारी पायवाट सलग सावलीत हवी. ती तुटली की लोक रस्त्यावरून चालतात.

काळ्या मातीवर थेट पेव्हर ब्लॉक टाकले की दोन पावसाळ्यांत चौक लाटांचा होतो. वरचा थर काढून मुरूम भरून दाबलेला सेक्शन दाखवा.

## टप्पा ८. आता छत

आधीच्या टप्प्यांनी खांबांच्या जागा, गाळे, उंच्या ठरवून दिल्या आहेत. छत त्यावर बसवा.

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. जूनच्या दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, डिसेंबरच्या दुपारी ४५ अंशांवर. खरा छळ मे महिन्याच्या संध्याकाळचा. पाचच्या सुमाराला सूर्य सुमारे २६ अंशांवर असतो. ५ मीटर उंच कडेखालून पश्चिमेचं ऊन १० मीटर आत येतं. पारा ४५च्या आसपास असताना ते ऊन तिकिटाच्या रांगेवर पडतं. पश्चिमेला काचेची भिंत देऊन मग एसी लावणं हा उपाय नव्हे. उभे लूव्हर (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या), जाळीची भिंत, झाडांची रांग यांपैकी काहीतरी द्या. रूळ पूर्व-पश्चिम असतील तर हेच ऊन प्लॅटफॉर्मच्या लांबीने छताखाली घुसतं. सगळे जण बाजूंना झडप लावतात आणि पश्चिम टोक उघडं ठेवतात.

एकेरी पत्र्याखाली उभं राहून बघा, डोक्यावर तवा तापल्यासारखा वाटतो. पत्र्याखाली इन्सुलेशन, त्याखाली हवेची फट आणि माथ्यावर गरम हवा निघायला उघडी पट्टी द्या. एसी फक्त बंद वेटिंग रूमला.

पावसाचं गणितही शीटवर हवं. १२ × १०० मीटर छतावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर सेकंदाला ३३ लिटर पाणी. ते दोन कोपऱ्यांतल्या दोन पाइपांतून जात नाही. उतार प्लॅटफॉर्मच्या मधल्या पन्हाळीकडे घ्या, रुळांकडे नको. छताचं पाणी विजेच्या तारेवर पडता कामा नये. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि २००० चौरस मीटर छत असेल तर, २० टक्के वाया गेलं तरी, ११ लाख लिटर पाणी मिळतं. टाकी कुठे हे प्लॅनवर दाखवा.

तपासणी: छताची कड आणि तार यांतलं अंतर मोजा. रेंडरमध्ये सुंदर दिसणारा पुढे आलेला छज्जा इथेच कापावा लागतो.

## टप्पा ९. शीट लावताना

साइट प्लॅन १:१०००, दोन्ही बाजूंच्या रस्त्यांसह. प्लॅन १:२००, पण ६०० मीटरचा प्लॅटफॉर्म या प्रमाणात ३ मीटर लांब होतो, म्हणून पूर्ण लांबी १:१०००ला आणि फक्त मधला भाग १:२००ला. रुळांना काटकोनातला सेक्शन १:१००, माणसं आणि गाडीसह. जिन्याच्या पायाशी प्लॅटफॉर्मची कड, फरशी, स्पर्शपट्टा आणि पन्हाळ दाखवणारा एक तपशील १:२०.

सेक्शन पहिल्या शीटवर लावा. गर्दीचं गणित कोपऱ्यात बारीक अक्षरांत न लपवता प्लॅनशेजारी द्या, कारण ज्युरीचा पहिला प्रश्न बहुधा ‘ही रुंदी कुठून आली’ हाच असतो. तीन रंगांच्या बाणांनी येणारे, जाणारे आणि पार्सल यांच्या वाटा दाखवा. जिथे दोन रंग छेदतात तिथे आधी स्वतःच वर्तुळ काढा आणि उत्तर तयार ठेवा. मॉडेलचं छत चिकटवू नका. उचलून बाजूला ठेवता आलं तरच खालचे जिने दिसतात.